रोज प्रार्थना करूनही आतून मोकळं वाटत नसेल तर काय करायचं

माझ्या मोबाइलमध्ये बायबल वाचनाचं एक अॅप होतं, रोज वाचलं की एक आकडा वाढायचा, आणि तो आकडा २१२ वर गेला होता. मग एक दिवस ताप आला, अख्खा दिवस झोपून काढला, रात्री साडेबाराला जाग आली आणि पहिला विचार काय आला, तर बापरे आजचं राहिलं. बारा वाजून गेलेले. आकडा शून्य. खरं सांगते मला रडू आलं, आणि त्याहून वाईट म्हणजे भीती वाटली, की आता देव रागावला असेल, आता काहीतरी वाईट होणार. अंगात ताप, तोंडाला कोरड, आणि मी अंथरुणात बसून देवाची माफी मागतेय, कशाबद्दल तर आजारी पडल्याबद्दल!

दोन दिवसांनी ताप उतरला, डोकं ताळ्यावर आलं, तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. २१२ दिवस मी नक्की वाचलं काय? "सत्य तुम्हांला बंधमुक्त करील" हे तर वाचलंच होतं, योहान ८:३२, लहानपणापासून पाठ आहे. आणि मी बंधमुक्त वगैरे राहिलं बाजूला, एका आकड्याच्या दावणीला बांधलेली.

तर हे लिहितेय ते अशाच लोकांसाठी. चर्चला जाता, प्रार्थना करता, उपास करता, सकाळचा क्वाएट टाइम, म्हणजे एकट्याने वचन वाचून प्रार्थना करायची वेळ, चालू आहे, पण आत मोकळं वाटत नाही. किंवा एखादी सवय, एखादा राग, एखादी भीती काही केल्या सुटत नाही, आणि ज्याला सांगाल तो म्हणतो प्रार्थना कर, आणि तुम्ही मनात म्हणता अहो तीच तर करतोय इतकी वर्षं. मी पाळक नाही, थिऑलॉजी शिकलेली नाही, जे करून बघितलं आणि त्यातलं जे टिकलं तेवढं सांगते.

मोकळं म्हणजे नक्की काय, ते आधी बघू

आपल्याला वाटतं मोकळं होणं म्हणजे डोक्यावर कुणी नको, मनाला येईल ते करायचं. बायबलमध्ये असं मोकळं होणं मला तरी सापडलं नाही. निर्गम काढून बघा. इस्राएल लोक मिसर देशात गुलाम असतात, मोशे तिथल्या राजाकडे, फारोकडे जातो, आणि आपल्या लक्षात राहतं ते "माझ्या लोकांना जाऊ दे" इतकंच, पण वाक्य तिथे संपत नाही, पुढे आहे की म्हणजे ते माझी सेवा करतील. आणि गंमत अशी की मूळ हिब्रूत मिसर देशात ते लोक विटा थापत राबत होते त्या राबण्याला आणि रानात जाऊन देवाची जी सेवा करणार होते त्या सेवेला एकाच धातूचा शब्द आहे. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात हेच म्हणतो, आधी पापाचे दास होता, आता देवाचे झालात. म्हणजे मालक बदलतो. बिनमालकाचं असं कुणी नसतंच, पैसा नाहीतर लोकांचं मत नाहीतर स्वतःचा अहंकार, कुणीतरी खुर्चीवर बसलेलं असतंच.

पण खरी गोची पुढे आहे, मालक बदलला तरी माणूस जुन्याच सवयीने वागत राहतो. लूक १५ मधली उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना येते, आणि सगळे बोलतात ते बापाकडून वाटा घेऊन, तो उधळून परत आलेल्या धाकट्याबद्दल. मी म्हणते मोठ्याकडे बघा. तो कुठे गेला नाही, काही उधळलं नाही, रोज शेतावर. आणि धाकटा परत आल्यावर बाप मेजवानी देतो म्हणून चिडून हा बापाला काय म्हणतो, की इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, आणि मला मित्रांबरोबर मजा करायला साधं एक करडू दिलं नाहीत. तिथला ग्रीक शब्द गुलामासारखं राबणं असाच आहे. म्हणजे बघा, घर बापाचं, हा मुलगा, सगळी इस्टेट त्याचीच, आणि डोक्यात मात्र हा नोकर, तोही पगार थकलेला नोकर! बाप म्हणतो बाळा, तू कायम माझ्याजवळ आहेस, माझं आहे ते सगळं तुझंच की.

आणि धाकटा तरी काय, तोसुद्धा डुकरांजवळ बसून एक वाक्य पाठ करून येतो, मला तुमच्या एका मजुरासारखं ठेवा म्हणून. घरी आल्यावर मात्र तो ते वाक्य म्हणतच नाही, त्याच्या आधीच बापाचं झगा आणा, अंगठी आणा सुरू झालेलं असतं. दोन्ही पोरं नोकरी मागतायत आणि बाप ती द्यायलाच तयार नाही.

प्रभू येशू योहान ८ मध्ये सत्य बंधमुक्त करील म्हणतो ना, त्याच बोलण्यात तीन वचनांनंतर तो म्हणतो की दास घरात कायमचा राहत नाही, पुत्र राहतो. आपण ३२ वं वचन फ्रेम करून भिंतीवर लावतो आणि ३५ वं वाचतच नाही. माझ्या मते किल्ली तिथे आहे. प्रार्थना तीच, वचन तेच, उपास तोच, पण तो नोकर म्हणून करता येतो आणि लेकरू म्हणूनही करता येतो. मोकळीक हवी असेल तर बदल तिथे करायचा, प्रार्थनेचे तास वाढवून होत नाही, मी वाढवून बघितलेत.

प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापांगीकार करायचा, म्हणजे फादरपुढे आपली पापं कबूल करायचा, बाहेर पडला की काहीतरी राहिलं म्हणून परत. आणि आपल्या पंडिता रमाबाई, १८८३ साली बाप्तिस्मा घेतला, एवढी विदुषी बाई, आणि नंतर आपल्या साक्षीत स्वतःच सांगतात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, तो सापडायला पुढे बरीच वर्षं गेली. मला हे वाचून फार धीर आला होता. इतक्या मोठ्या माणसांचं हे झालं तर आपलं काय.

आपण नोकर आहोत की लेकरू, हे कसं ओळखायचं

तीन प्रश्न मी स्वतःला विचारते. प्रार्थना चुकली की आधी काय वाटतं, भीती की चुकल्याचुकल्यासारखं? घरी फोन करायचा राहिला तर आपल्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, ऑफिसचा रिपोर्ट राहिला तर पोटात गोळा येतो. दुसरं, दुसऱ्याच्या आयुष्यात काही चांगलं झालं, त्यातून तो चर्चला फारसा न येणारा, तर मनात करडाचा हिशोब सुरू होतो का? आणि तिसरं, देवापाशी मी कुठल्या गोष्टी काढतच नाही? नोकर मालकाला घरचे लफडे सांगत नाही.

उत्तरं वाईट आली तर घाबरून जाऊ नका, माझी तिन्ही वाईट होती.

आणि एक गोष्ट मला आपल्या भाषेतच सापडली. आपण मराठीत देवाला तू म्हणतो. "हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो". तुमचे नाव नाही म्हणत. साहेबाला कुणी तू म्हणत नाही, सासऱ्यांना नाही म्हणत, आईला म्हणतो. म्हणजे तोंडाने आपण रोज आईला हाक मारल्यासारखं बोलतो आणि मनात मात्र हात बांधून साहेबाच्या केबिनबाहेर उभे. आता मी प्रार्थना सुरू करताना त्या "तू" वर जरा थांबते. बस एवढंच, दोन श्वास. करून बघा, पुढचं बोलणं आपोआप बदलतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं

पहिलं म्हणजे, जे धरून बसलंय त्याचं नाव घ्या. "प्रभू माझी पापं क्षमा कर" असं ढोबळ बोलण्यात काही अर्थ नसतो, म्हणजे देवाला कळतं पण आपल्यालाच कळत नाही आपण काय बोलतोय. वही घ्या, आणि लिहा. रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल. दारू. बहिणीबद्दलचा मत्सर. लोक काय म्हणतील. मरणाची भीती. एका वेळी एकच, यादी करू नका, यादी केली की परत हिशोब सुरू होतो. कुठलं घ्यायचं ते कळत नसेल तर बघा की कशाबद्दल तुम्ही खोटं बोलता, आणि कुणी कशात आडवं आलं की तुम्ही खवळता. तिथेच ते असतं, बहुतेक वेळा.

मग योहान ५ वाचा, पहिली नऊच वचनं, आणि घाई करू नका. तळ्याकाठी एक माणूस ३८ वर्षं आजारी पडलेला आहे, आणि पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होतो अशी तिथे समजूत. येशू त्याला विचारतो, तुला बरं व्हायचंय का? आता आपल्याला वाटेल काय हा प्रश्न, हो म्हणेल की कुणीही. पण तो हो म्हणत नाही! तो म्हणतो महाराज, पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात सोडायला कुणी नसतं, मी जातोय तोवर दुसराच उतरतो. ३८ वर्षांचं रेडी उत्तर. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं, कारण माझ्या मत्सराबद्दल माझ्याकडे असंच उत्तर तयार होतं, की माझ्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं. तर तुमच्या वहीत लिहिलेल्या गोष्टीसमोर हा प्रश्न स्वतःच्या नावानिशी लिहा, तुला यातून बरं व्हायचंय का, आणि खरं उत्तर द्या. "नाही, अजून नाही" हे उत्तरसुद्धा चालतं, निदान ते खोटं नाही. "मला व्हायचंय असं मला वाटावं" अशीही प्रार्थना करता येते, मी चार महिने तीच करत होते. आणि बघा, त्या माणसाने हो न म्हणताच येशूने त्याला उठवलं, हे मला फार आवडतं.

तक्रार करायला शिका. हे कुणी शिकवत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चर्चमध्ये सांगायला, उभं राहिलं की सगळं गोड गोड, आणि स्तोत्रसंहिता उघडली तर १५० मधली किती तरी नुसती रडारड आणि भांडण आहेत देवाशी. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही. सुरुवात १३ व्या स्तोत्रापासून करा, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत चार वेळा तोच सवाल आहे, कुठवर? मग मागणी, माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझे डोळे उजळ. आणि मग शेवटी स्तोत्रकर्ता म्हणतो मी तुझ्या दयेवर भरवसा टाकलाय. हा साचा घ्या आणि स्वतःचं भरा. कुठवर हे असं चालणार. मला आत्ता हे हवंय. आणि तरी मी तुझ्याकडेच आलोय. पाच मिनिटांचं काम आहे, मोठ्याने करा, घरात माणसं असतील तर बाथरूममध्ये नळ सोडून करा. नोकर कुरकुर करतो ती पाठीमागे, लेकरू तोंडावर भांडतं, फरक आहे ना. पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं आता वीज पडणार. नाही पडली. झोप लागली उलट, बऱ्याच दिवसांनी गाढ.

वचन कमी वाचा. हो, कमी. वर्षात अख्खं बायबल वगैरे चांगलं आहे, ज्यांना जमतं त्यांनी करा, पण आत अडकलेल्या माणसाला रोजचे चार अध्याय म्हणजे होमवर्क होतो. जुन्या मठांमध्ये वाचायची एक पद्धत आहे, छोटा भाग घ्यायचा, हळू वाचायचा, जिथे शब्द टोचेल तिथे थांबायचं, त्यावरून देवाशी बोलायचं, आणि मग गप्प बसायचं. एवढीच. रोम ८:१५ घेतलंत तर आठवडा जातो, की तुम्हाला परत भीती वाटायला लावणारा दासपणाचा आत्मा मिळालेला नाही, दत्तक लेकराचा आत्मा मिळालाय, त्याच्यामुळे आपण अब्बा, बापा अशी हाक मारतो. सोमवारी "परत" या शब्दावर अडका, मंगळवारी "हाक" वर. गप्प बसणं मला आजही जमत नाही, दीड मिनिटात गॅस बंद केला का हे आठवतं. असू दे. आठवलं की परत यायचं.

मग कामातली भक्ती. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाईट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा ब्रदर होता, १६९१ मध्ये वारला, त्याला नेमलं होतं स्वयंपाकघरात, आणि ते काम त्याला मुळात आवडतही नव्हतं. त्याचं म्हणणं असं की भांड्यांच्या आवाजात आणि चार जण चार गोष्टी मागत असतानाही मी देवाजवळ तसाच असतो जसा गुडघ्यांवर असतो. हे ऐकायला फार छान, आणि मला आधी खोटंच वाटलं. पण मग कळलं की तोच सांगतो, पहिली दहा वर्षं त्याला फार जड गेली. दहा वर्षं! आपण दहा दिवसांत निकाल मागतो. माझी ट्रिक साधी आहे, दिवसातली एक कंटाळवाणी गोष्ट पकडा, जिना चढणं, कपडे वाळत घालणं, कंप्युटर सुरू व्हायची वाट बघणं, आणि ती देवाशी बोलायची जागा ठरवून टाका. माझा जिना आहे. ४४ पायऱ्या. कधी नुसतं "तू आहेस, मी आहे" इतकंच म्हणते दम लागेपर्यंत.

आठवड्यातून एक दिवस थांबा. दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात, निर्गम २० आणि अनुवाद ५, आणि शब्बाथाचं, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचं, कारण दोन ठिकाणी वेगळं दिलंय. निर्गमात म्हटलंय की देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. आणि अनुवादात म्हटलंय की तू मिसर देशात दास होतास हे आठव. दासाला सुट्टी नसते हो. तेव्हा जो माणूस एक दिवस हातातलं काम खाली ठेवू शकत नाही, त्याने चर्चच्या कामाचासुद्धा विचार करावा. रविवारी चर्चमध्ये क्वायर, संडे स्कूल, मग मीटिंग, मग आजाऱ्यांच्या भेटी, आणि घरी येऊन सगळ्यांवर खेकसणं, हे मी आठ वर्षं केलंय. मोठा भाऊ शेतावरून येतो तसंच. एक काम सोडलं. पुढच्या रविवारी माझ्याशिवाय सगळं नीट पार पडलं, जरा अपमानच वाटला म्हणा ना.

उपासाबद्दल थोडक्यात. जे तुम्हाला धरून बसलंय त्याच्याशी जोडलेला उपास करा, मोबाइल असेल तर मोबाइलचा. आणि तब्येतीचा त्रास असेल तर जेवणाचा उपास करू नका, त्यात काही कमीपणा नाही.

माणसासमोर बोलायचं, हे टाळू नका

याकोब ५:१६ सांगतो की एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणजे बरे व्हाल. आपण देवाला सांगतो आणि म्हणतो झालं. पण लपवलेली गोष्ट लपलेली असते तोवर तिची ताकद असते, तोंडातून बाहेर पडली की ती एवढीशी दिसते. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाचा संस्कार आहेच, आणि तिथे ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, हे फार मोठं संरक्षण आहे. बाकीच्यांनी एक माणूस निवडावा, एकच, आणि निवडताना बघावं की तो दुसऱ्यांच्या गोष्टी तुम्हाला सांगतो का. सांगत असेल तर तुमचीही जाणार. प्रार्थना-विनंतीच्या नावाखाली किती कुचाळक्या चालतात ते सगळ्यांना माहीत आहे, मी वेगळं काय सांगू.

इथेच एक स्पष्ट बोलते. तुमच्या सुटकेसाठी पैसे मागणारा, माझ्या प्रार्थनेशिवाय तुझं बंधन तुटणार नाही म्हणणारा, घरच्यांशी संबंध तोड म्हणणारा, प्रश्न विचारला की बंडखोर ठरवणारा, असा कुणी असेल तर तिथून निघा. मग तो किती का मोठा देवमाणूस असेना. ती देवाची चाकरीसुद्धा नव्हे, ती त्याची चाकरी. पौल गलतीकरांना ५:१ मध्ये हेच बजावतो, ख्रिस्ताने मुक्त केलंय, आता परत मान जोखडात घालू नका.

आणि औषध. व्यसन असेल, डिप्रेशन असेल, जीव नकोसा होत असेल तर डॉक्टरकडे जा, प्रार्थनाही करा, दोन्ही. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणतो की पुरे आता, माझा जीव घे. देवदूत त्याला उपदेश करत नाही, उठ, खा म्हणतो. भाकर आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो, आणि देवदूत दुसऱ्यांदा येऊन परत खायलाच सांगतो. देवाचा आवाज नंतर, आधी जेवण आणि झोप. आपल्यातले काही जण आजारी माणसाला विश्वास कमी पडतोय म्हणतात, त्यांनी हा अध्याय वाचावा.

क्षमेचं प्रकरण

हे सगळ्यात अवघड आणि याला शॉर्टकट नाही. एका माणसाने माझ्याबद्दल खोटं पसरवलं होतं, नाव नको, पण माझी दोन वर्षं त्यात गेली. मी त्याला क्षमा केली असं निदान वीस वेळा म्हटलं असेन, आणि रस्त्यात त्याच्यासारखी पाठ दिसली तरी कानशिलं तापायची. मग एका वयस्क बाईंनी मला सांगितलं की आधी बिल लिही. म्हणजे काय, तर त्याने नक्की काय नेलं ते लिही. मी लिहिलं. झोप. एक मैत्रीण. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसण्याची हिंमत. लिहिता लिहिता कळलं की मी आजवर क्षमा करत होते ती कशाची ते मलाच माहीत नव्हतं. मग एकेका ओळीवर बोट ठेवून म्हटलं, प्रभू हे तुझ्याकडे देते, मी वसूल करणार नाही. तिसऱ्या ओळीवर अडकले, ती पाच आठवडे तशीच राहिली. मत्तय १८ मध्ये येशूचा शिष्य पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, आणि प्रभू म्हणतो साताच्या सत्तर वेळा, मला वाटायचं हे दुसऱ्याच्या ४९० चुकांबद्दल आहे. आता वाटतं एकाच चुकीची ४९० वेळा करावी लागते, कारण ती ४९० वेळा आठवते.

पण क्षमा म्हणजे परत त्याच माणसाच्या हातात जाणं असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. मारणाऱ्यापासून लांब राहूनही बिल फाडता येतं, आणि पोलिसांत तक्रार करूनही फाडता येतं.

रात्री पाच मिनिटं

कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात दिवसाकडे मागे वळून बघायची एक रीत घालून दिली, तीच थोडी सुटसुटीत करून मी वापरते. दिवा मालवला की आधी एका गोष्टीबद्दल थँक्यू, ठरावीक एकच आणि बारीकशी. मग दिवस सकाळपासून बघत यायचा, सिनेमा उलगडावा तसा, आणि दोन जागा शोधायच्या, आज कुठे मी लेकरासारखी वागले आणि कुठे नोकरासारखी. कुठे घाबरून हो म्हटलं, कुठे दाखवायला केलं. जिथे चुकलं तिथे माफी, आणि उद्याच्या एका अवघड प्रसंगासाठी मदत मागायची. सगळं पाच मिनिटांत. अर्धा तास लागत असेल तर तुम्ही स्वतःची कोर्टकेस चालवताय, थांबा आणि झोपा.

परत पडलात तर

पडणार. सवय सुटली असं वाटेल आणि तीन आठवड्यांनी परत तेच, आणि तेव्हा आवाज येईल की बघ, तू काही सुधारत नाहीस, आता कुठल्या तोंडाने देवाकडे जातोस. हा आवाज ओळखून ठेवा. तो पापाबद्दल बोलल्यासारखा वाटतो पण त्याचं टोक नेहमी एकच असतं, की आज जाऊ नकोस. पवित्र आत्मा टोचतो तेव्हा तो एका ठरावीक गोष्टीवर बोट ठेवतो आणि ये म्हणतो.

पेत्राचं बघा. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला अटक झाल्यावर तो कोळशाच्या शेकोटीजवळ उभा राहून मी त्याला ओळखत नाही म्हणतो. १८ वा अध्याय, १८ वं वचन. नवीन करारात कोळशाच्या विस्तवाचा तो शब्द दोनदाच आलाय, आणि दुसऱ्यांदा येतो तो २१ व्या अध्यायात, पुनरुत्थित येशू किनाऱ्यावर विस्तव पेटवून त्यावर मासे भाजत बसलेला असतो. पेत्राच्या नाकात तोच धूर गेला असणार. आणि जेवण झाल्यावर येशू तीनदा विचारतो, जितक्यांदा तो नाकारून बसला होता तितक्यांदा. काय विचारतो? परत असं करशील का? नाही विचारत. का केलंस? तेही नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, एवढंच. पेत्र तिसऱ्या वेळी कळवळतो, म्हणतो प्रभू तुला सगळं ठाऊक आहे. मी पडले की उठून हा अध्याय काढते, १५ ते १७ वचनं, आणि शिमोनाच्या, म्हणजे पेत्राच्याच, जागी माझं नाव घालून वाचते. उत्तर द्यायला कधी कधी वेळ लागतो.

अॅप मी काढून टाकलं. आता छापील बायबल आहे, त्यात एक रिबिन, आणि ती गेले चार दिवस एकाच पानावर आहे. काल रात्री "हे आमच्या स्वर्गातील पित्या" इतकंच म्हटलं आणि डोळा लागला. सकाळी जाग आल्यावर पुढचं तिथूनच सुरू केलं.